आकडेमोड सोपवा, प्रश्न सोपवू नका

वाचकाचं पत्र

मी नर्सिंग कॉलेजमध्ये मेडिकल-सर्जिकल शिकवते. बरीच वर्षं वॉर्डात काढून मग शिकवण्याकडे वळले. पदव्युत्तर विद्यार्थिनींची गाईड म्हणूनही काम करते. मागच्या व्हायवात एक्स्टर्नलनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, “पेअर्ड टी टेस्टच का वापरली?” ती गप्प झाली. खरं सांगायचं तर मला विचारलं असतं तर मीही गप्पच बसले असते. आमच्याकडे रीतच अशी पडली आहे: डेटा गोळा झाला की फाईल स्टॅटिस्टिशियनकडे जाते, तिकडून टेबलं तयार होऊन येतात, त्याखाली आम्ही ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून सिग्निफिकंट’ असं लिहितो आणि सही करतो. आता पुढच्या सत्रापासून रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर मलाच घ्यायला सांगितलाय. शाळेपासून मला गणिताची धास्ती आहे. नकार देऊ का? की आधी संख्याशास्त्राचा एखादा डिप्लोमा करू? आणि आजवर ज्या प्रबंधांवर सह्या केल्या, त्यांचं ओझं कसं उतरवू?

उत्तर

नमस्कार मॅडम,

पेपर घ्या. डिप्लोमा आत्ता नको. सह्यांबद्दल पुढे लिहिते.

आधी धास्तीचं बघू. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट १ मिलीला २० थेंबांचा आहे, मिनिटाला किती थेंब? हे गणित तुम्ही वर्गात उभ्या उभ्या करता आणि ४२ थेंबांवर रोलर क्लॅम्प लावायला शिकवता. संशोधनातले आकडे समजून घ्यायला याहून अवघड गणित लागत नाही. भागाकार, टक्केवारी आणि सरासरी एवढं पक्कं असलं की पुरे. त्यापुढची आकडेमोड सॉफ्टवेअर करतं आणि ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतं. तुमचं गणित कच्चं नाही. तुम्हाला सूत्रं दिली गेली, पण कुठलं सूत्र कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं हे कुणी बसून सांगितलं नाही. परीक्षा झाली, सूत्रं विसरली, भीती तेवढी राहिली. नर्सिंग शिकवणाऱ्या कितीतरी जणींची हीच गोष्ट आहे, आणि त्यात दोष त्यांना ज्या पद्धतीने शिकवलं गेलं त्या पद्धतीचा आहे.

म्हणून मी पहिल्यापासून एक भेद करायला सांगते. आकडेमोड हे एक काम, प्रश्न विचारणं हे दुसरं. आकडेमोड स्टॅटिस्टिशियनकडे बिनदिक्कत सोपवा. पण काय मोजायचं, कुणाशी तुलना करायची, किती फरक पडला तर तो पेशंटच्या दृष्टीने फरक म्हणायचा, हे त्यांना ठरवता येणार नाही. बेडसोअर दुसऱ्या ग्रेडवरून तिसऱ्यावर जाणं म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. ते तुम्ही पाहिलंय. फाईलबरोबर हा प्रश्नही त्यांच्या टेबलावर जातो, तिथे चूक होते.

आता तो व्हायवातला प्रश्न. समजा तुमच्या विद्यार्थिनीने ४० स्टाफ नर्सेसची कॅथेटर केअरवर ३० गुणांची चाचणी घेतली. सरासरी आली १२. मग तासाभराचं सत्र घेतलं, पुन्हा तीच चाचणी घेतली, सरासरी आली २१. इथे ८० वेगवेगळी माणसं नाहीत. ४० जणींनी प्रत्येकी दोनदा पेपर लिहिला आहे. म्हणून प्रत्येकीच्या दुसऱ्या गुणांतून पहिले गुण वजा करायचे. हाती येतात ४० फरक. कुणाचा ११, कुणाचा ७, एखादीचा उणे १. पेअर्ड टी टेस्ट एवढंच बघते: या फरकांची सरासरी शून्यापासून किती दूर आहे आणि हे फरक आपसात किती विखुरलेले आहेत. विखुरणं कमी आणि सरासरी दूर, तर टीची किंमत मोठी. दोन्ही वेळचे गुण दोन वेगळ्या गटांचे असल्यासारखे वापरले असते, तर मुळातच हुशार आणि मुळातच कच्च्या नर्सेसमधला फरक या हिशोबात घुसला असता आणि शिकवण्याचा परिणाम त्यात झाकला गेला असता. “तीच माणसं दोनदा मोजली, म्हणून पेअर्ड.” एक्स्टर्नलना हे एक वाक्य पुरलं असतं.

पण त्या व्हायवात न विचारला गेलेला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या अभ्यासाने नेमकं काय सांगितलं?

पी व्हॅल्यूचा अर्थ असा. शिकवण्याने काहीच फरक पडत नाही असं क्षणभर धरून चाललो, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे ती सांगते. ‘आपलं म्हणणं खरं असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा तिचा अर्थ होत नाही. परिणाम मोठा आहे किंवा महत्त्वाचा आहे, असाही होत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी व्हॅल्यूबद्दल खास निवेदन काढून हे स्पष्ट केलं, कारण हा गैरसमज नर्सिंगपुरता नाही, सगळ्या विज्ञानशाखांत पसरलेला आहे.

आता वरच्या अभ्यासाकडे पुन्हा बघा. एखादा विषय तासभर शिकवायचा आणि लगेच त्याच प्रश्नांची परीक्षा घ्यायची. गुण वाढणारच. वाढले नसते तर आश्चर्य. ‘हा फरक योगायोगाचा आहे का?’ अशी शंका कुणालाच नव्हती, आणि आपण दिमाखात त्याच शंकेचं उत्तर छापतो. ज्यांची उत्तरं हवी होती ते प्रश्न तसेच राहतात. तेवढाच मजकूर एका पानावर छापून वाटला असता तर गुण कमी वाढले असते का? पहिली चाचणी सोडवतानाच काही जणी सावध होऊन वाचून आल्या असतील का? तीन महिन्यांनी काय उरलं? आणि खरं म्हणजे, कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहते का, ड्रेनेज सिस्टिम बंद राहते का, हात धुतले जातात का? ज्ञानाचे गुण वाढणं आणि बेडपाशी वागणं बदलणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर तुम्हाला स्टॅटिस्टिशियनपेक्षा जास्त ठाऊक आहे.

या जातीचे प्रबंध इतके होतात की त्यावर थोडं कडक बोलावंसं वाटतं. पेशंट आणि स्टाफ आपला वेळ देतात, संमतीपत्रावर सही करतात. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत आहे तो विचारण्यासाठी त्यांना बोलावणं योग्य नाही. तुमच्या सह्यांचं ओझं मी इथे जोडते: झालेल्या प्रबंधांकडे परत जाऊन काही साधणार नाही. येत्या वर्षी विषयाचा प्रस्ताव मंजूर करताना मात्र हात आखडता घ्या. तुलनेसाठी दुसरा गट मागा. तो जमत नसेल तर निदान दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप मागा. गुणांऐवजी कृतीचं निरीक्षण मागा. यातलं एक जरी मिळालं तरी प्रबंधाची जात बदलते.

तुलनेच्या गटाबद्दल अजून एक गोष्ट, जी शिक्षकांना रोज भेटते. युनिट टेस्टमध्ये सगळ्यात कमी गुण मिळवणाऱ्या दहा मुली निवडल्या, त्यांच्यासाठी जादा तास घेतले, पुढच्या टेस्टमध्ये त्यांचे गुण वाढले. सगळं श्रेय जादा तासांचं नसतं. तळाला पोचलेल्यांत काही जणी त्या दिवशी आजारी होत्या, काहींचे नेमके न वाचलेले प्रश्न आले होते. पुढच्या वेळी त्या काहीही न करता आपल्या नेहमीच्या पातळीकडे सरकल्या असत्या. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं. वॉर्डातही हेच घडतं: सर्वाधिक बीपी असलेले पेशंट निवडून त्यांना रिलॅक्सेशनचे व्यायाम दिले की पुढचं रीडिंग खाली येतंच. व्यायामाने किती आणि आपसूक किती, हे व्यायाम न दिलेला तसाच गट असल्याशिवाय कळत नाही.

फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईंचा दिवा आपण मुलींना दाखवतो, त्यांची टेबलं दाखवत नाही, याची मला खंत वाटते. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने सैन्यातल्या मृत्यूंचा हिशोब मांडला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी जास्त सैनिक गेले, हे त्यांच्या १८५८ च्या आकृत्यांमधून दिसलं. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात हुशारीचं काम दुसरं होतं. शांततेच्या काळात, मायदेशातल्या बराकींत राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर त्यांनी त्याच वयाच्या नागरिकांशी ताडून पाहिला. तो जवळजवळ दुप्पट निघाला. सैनिक निवडून घेतलेले, धडधाकट, तरीही दुप्पट. योग्य तुलना सापडली की एकच आकडा पुरतो. १८५८ सालीच लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला सदस्य. तुमच्या विद्यार्थिनींना पहिल्याच आठवड्यात हे सांगा. हा विषय बाहेरून आपल्यावर लादलेला नाही, तो आपल्या घरचा आहे.

तुमच्या पेपरचा मोठा भाग मी वॉर्डातल्या आकड्यांनी भरला असता. मेडिकल वॉर्डात महिन्यात ६ पेशंट पडले, सर्जिकलमध्ये ३. मीटिंगमध्ये बोलणी कुणाला बसतात? मेडिकलला. पण मेडिकल वॉर्डात त्या महिन्यात १५०० पेशंट-दिवस (एक पेशंट एक दिवस राहिला की एक) भरले आणि सर्जिकलमध्ये ५००. म्हणजे दर १००० पेशंट-दिवसांमागे मेडिकलमध्ये ४ आणि सर्जिकलमध्ये ६. छेद पाहिल्याशिवाय अंश वाचायचा नाही, ही सवय एकदा लागली की मुली पुढे पुष्कळ चुकांतून वाचतात. सेंट्रल लाईनच्या इन्फेक्शनचा दर दर १००० कॅथेटर-दिवसांमागे का मोजतात, तेही इथेच समजतं.

शून्य हा आकडाही फसवा असतो. नवीन ड्रेसिंग ३० पेशंटना लावलं, एकालाही इन्फेक्शन झालं नाही. ड्रेसिंग सुरक्षित? अशा वेळी एक सोपा नियम आहे: ३ ला पेशंटच्या संख्येने भागा. ३ भागिले ३० म्हणजे ०.१. याचा अर्थ खरा दर १० टक्क्यांपर्यंत असला तरी ३० जणांत शून्य दिसणं हे अगदीच अशक्य नाही. ३०० जणांत शून्य आलं तर ती वरची मर्यादा १ टक्क्यावर येते. कागद-पेन्सिलही लागत नाही, आणि लहान नमुना किती कमी सांगतो हे एका झटक्यात पटतं.

याचीच उलटी बाजू: पी ०.०५ पेक्षा जास्त आली की मुली लिहितात, ‘दोन्ही पद्धतींत फरक नाही’. एवढं म्हणता येत नाही. फरक सापडला नाही, इतकंच म्हणता येतं. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड यांनी १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच मुद्द्यावर एक छोटी टीप लिहिली, ती जरूर मिळवून वाचा. उपाय कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये आहे, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो त्या पल्ल्यात. समजा संगीत ऐकवल्याने वेदनेचा स्कोअर सरासरी १.२ ने उतरला आणि इंटरव्हल आला उणे ०.३ ते २.७. म्हणजे या डेटाशी ‘काहीच उपयोग नाही’ हेही जुळतं आणि ‘चांगला उपयोग आहे’ हेही जुळतं. अभ्यास लहान पडला. निष्कर्षात हे सरळ लिहिलं तर त्यात कमीपणा नाही.

जोखमीचे आकडे पेशंटपर्यंत कसे पोचतात, हे तर नर्सच्याच हातात असतं. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘१०० टक्के वाढ’ ऐकून बायकांनी घाबरून गोळ्या थांबवल्या. प्रत्यक्षात धोका ७००० मध्ये १ वरून ७००० मध्ये २ झाला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गाठ होण्याचा धोका त्या गोळ्यांहून जास्त असतो. एक आकडा अर्धवट सांगितल्याचा हा परिणाम. पेशंटला ‘दुप्पट’ कधीही एकटं सांगू नये. कितीवरून किती, तेही सोबत सांगावं.

हाच चष्मा आपल्या बाजूच्या संशोधनालाही लावायला हवा. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा, पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास तुम्ही ऐकला असेल: नर्समागे एक सर्जिकल पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूचे ऑड्स (दगावलेल्यांचं वाचलेल्यांशी प्रमाण) ७ टक्क्यांनी वाढतात. स्टाफ वाढवून मागताना हा आकडा सगळे देतात. ७ टक्के कशाचे, हे क्वचितच कुणी सांगतं. त्या पेशंटमधले मृत्यू सुमारे २ टक्के होते. त्यात ७ टक्के वाढ म्हणजे १००० पेशंटमागे २० ऐवजी २१ च्या जरा वर. पण नर्समागे ४ ऐवजी ८ पेशंट झाले की वाढ ३१ टक्क्यांवर जाते, म्हणजे १००० मागे २० ऐवजी साधारण २६. सहा माणसं. असं मांडलं की आकडा खराही वाटतो आणि जडही. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कमी स्टाफ असलेल्या रुग्णालयांत इतरही उणिवा असू शकतात, हेही तुम्हीच आधी सांगा. लेखकांनी पेशंट आणि रुग्णालयांमधले बरेच फरक हिशोबात धरले होते, हेही सांगा. समोरच्याने विचारण्याआधी आपण सांगितलं की त्या आकड्याची बाजू बळकट होते.

आणि स्क्रीनिंग. हा भाग मात्र घाई न करता शिकवा, कारण इथे डॉक्टरही अडखळतात. गर्ड गिगेरेंझर यांनी २००७ च्या सुमारास १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना मॅमोग्राफीचा प्रश्न घातला: १०० पैकी १ बाईला कॅन्सर असतो, कॅन्सर असलेल्यांपैकी ९० टक्क्यांत चाचणी पॉझिटिव्ह येते, कॅन्सर नसलेल्यांपैकीही ९ टक्क्यांत येते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कॅन्सर असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर १० मध्ये १ च्या आसपास. ते २१ टक्के डॉक्टरांनीच दिलं. मग टक्केवारी बाजूला ठेवून तेच आकडे माणसांच्या संख्येत मांडायला शिकवल्यावर ८७ टक्क्यांना जमलं. माणसं तीच आणि आकडेही तेच होते, बदलली होती फक्त मांडणी.

वर्गात हे पडण्याच्या जोखमीच्या स्केलवर करून घ्या. आकडे कल्पित चालतील. १००० पेशंट दाखल झाले. त्यातले २० पडणार आहेत. आपलं स्केल त्या २० पैकी १६ जणांना ‘हाय रिस्क’ म्हणतं. उरलेल्या ९८० मधल्या ३० टक्क्यांनाही, म्हणजे २९४ जणांना, ‘हाय रिस्क’ म्हणतं. फळ्यावर दोन फांद्या काढा आणि मुलींनाच बेरीज करू द्या. हाय रिस्कचा शिक्का बसलेले ३१०, त्यातले पडणारे १६. साधारण १९ जणांत १. शिक्का न बसलेले ६९०, त्यातले पडणारे ४. आता मुलींना विचारा: स्केल निकामी आहे का? हाय रिस्कचा पट्टा मनगटावर लावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही म्हणून तुम्ही पट्टा गांभीर्याने घेणं सोडाल का? आणि पट्टा नाही म्हणून त्या चौघांकडे पाठ फिरवाल का? सेन्सिटिव्हिटी (पडणाऱ्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (न पडणाऱ्यांपैकी कितींना शिक्का बसला नाही) यांच्या व्याख्या यानंतर सांगा. आधी सांगितल्या तर त्या पाठ होतात आणि तिथेच संपतात.

मोजमापाच्या साधनांबद्दल ओझरतं एकच. दोन बीपी मशीनमध्ये सहसंबंध (दोन्हींचे आकडे किती सोबत वर-खाली होतात ते, जास्तीत जास्त १) ०.९५ आला म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरता येतं असं नाही. एक मशीन प्रत्येक वेळी १० ने जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध उत्तमच येणार. दोन्हींमधला फरक काढून तो बघायचा, ही रीत ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये घालून दिली. उपकरणांवरच्या प्रबंधांत ही चूक हमखास सापडते.

स्टॅटिस्टिशियनकडे कधी जायचं, तर डेटा गोळा करण्याच्या आधी. जाताना विद्यार्थिनीने अर्ध्या पानावर साध्या भाषेत लिहून न्यावं: माझा प्रश्न काय, कुणाला मोजणार, काय मोजणार, किती वेळा, कुणाशी ताडणार, आणि किती फरक पडला तर वॉर्डातली पद्धत बदलावी असं मला वाटेल. शेवटचा मुद्दा सगळ्यात कठीण आहे आणि सॅम्पल साइज त्यावरच ठरतो. ‘मॅडम, सॅम्पल किती घेऊ?’ याला ‘३० घे’ हे उत्तर देणं आता थांबवा. टेबलं परत आली की तीच विद्यार्थिनी तुमच्यासमोर एकही तांत्रिक शब्द न वापरता निकाल सांगू दे. तिला जमलं नाही तर दोघींनी मिळून स्टॅटिस्टिशियनना विचारा. चांगले स्टॅटिस्टिशियन अशा प्रश्नांनी सुखावतात. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे फक्त फाईल येत असते.

डिप्लोमाबद्दल: तो तुम्हाला आणखी सूत्रं देईल, आणि तुमची अडचण सूत्रांची नाही. त्याऐवजी दोन-तीन सहकारी जमवा आणि महिन्यातून एकदा एकच शोधनिबंध वाचा, तोही तुमच्या विषयातला. गोषवारा झाकून ठेवा. पहिलं टेबल आणि मुख्य निकालाचं टेबल एवढंच बघा, आपला निष्कर्ष कागदावर लिहा, मग लेखकांचा निष्कर्ष उघडा. कुठे जुळला, कुठे नाही, यावर अर्धा तास बोला. वर्षभर हे केलंत आणि तरीही खोलात जावंसं वाटलं, तर डिप्लोमा खुशाल करा. तेव्हा तुमच्याजवळ विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

अभ्यासक्रमात सूत्रं आहेत आणि परीक्षेत विचारतात, हे मला ठाऊक आहे. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे विखुरणं मोजणारा आकडा, एकदा सहा आकड्यांवर हाताने काढून घ्या, म्हणजे ते कशाचं बनलंय ते कळेल. शंभर आकड्यांवर काढायला लावू नका.

पहिल्या तासाला काय कराल, ते मी सुचवते. फळ्यावर व्याख्या लिहू नका. शांत झोपलेल्या एका माणसाचा मिनिटभराचा व्हिडिओ लावा. अर्ध्या वर्गाने पूर्ण मिनिट श्वास मोजायचे. उरलेल्या अर्ध्याने पहिले १५ सेकंद मोजून ४ ने गुणायचं. बोलायचं नाही, शेजारणीच्या वहीत बघायचं नाही. मग सगळे आकडे फळ्यावर दोन रांगांत ठिपक्यांनी मांडा. माणूस एक, मिनिट एक, तरी आकडे वेगवेगळे. पूर्ण मिनिटवाल्यांचे ठिपके बहुधा एका जागी दाटलेले दिसतील, १५ सेकंदवाल्यांचे लांब लांब उड्या मारलेले. का, ते मुलींनाच शोधू द्या. ४ ने गुणल्यावर १२, १६, २०, २४ असेच आकडे येऊ शकतात, अधलेमधले येऊच शकत नाहीत, आणि मोजण्यात एका श्वासाची चूक झाली की चार्टवर ती ४ ची होते. मग विचारा, सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागण्याच्या) एका स्कोअरमध्ये श्वासाचा दर २२ किंवा त्याहून जास्त झाला की गुण मिळतो, तेव्हा यातली कुठली रांग तुम्हाला चालेल?

त्या एका तासात विखुरणं, सरासरी, मोजमापातली चूक आणि नमुना हे सगळं येऊन जातं. नावं दुसऱ्या तासाला द्या. व्हिडिओतले श्वास तुम्ही स्वतः आधी दोनदा मोजून ठेवा, कारण कुणीतरी विचारेलच, “मॅडम, मग बरोबर उत्तर काय?” दोन्ही वेळा तुमचे आकडे वेगळे आले तर तेही फळ्यावर मांडा.